ध्यानाला बसलं की विचार वाढतात, असं का?

प्रश्न: मी तीन महिने झाले रोज सकाळी वीस मिनिटं झेन पद्धतीने ध्यानाला बसते, एक ते दहा श्वास मोजते. पण डोकं काही रिकामं होत नाही, उलट बसलं की जास्तच विचार येतात. माझ्याकडून हे होणारच नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी ते डोकं रिकामं करायचं खूळ काढून टाका, कारण झेन म्हणजे ध्यानावर भर देणारी बौद्ध परंपरा, आणि तिच्यात सहसा तसं सांगत नाहीत. जपानचे झेन गुरू दोगेन (१२००–१२५३) बसायचं कसं ते समजावताना एक जुना चिनी संवाद देतात. याकुसान नावाचे गुरू बसलेले असतात, एक भिक्षू विचारतो की काय विचार चाललाय, ते म्हणतात न-विचाराचा विचार, मग तो कसा करायचा म्हटल्यावर उत्तर येतं हिशिर्यो. शिर्यो म्हणजे विचार करणं, फुशिर्यो म्हणजे न करणं, आणि हिशिर्यो म्हणजे या दोन्हींत न अडकणं. तुम्ही सध्या फुशिर्योच्या मागे लागलाय, म्हणून दमताय.

बौद्ध परंपरेत मन हे सहावं इंद्रिय मानतात. कानाला आवाज तसा मनाला विचार. आता बघा, तुम्ही बसलाय आणि किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू येणारच, कान थोडेच बंद करणार? पण ही दुसरी का तिसरी, डाळ लागली तर नाही ना, काल गॅस बारीक करायला सांगितलं होतं तरी कुणी ऐकलं नाही, आणि मग कालचं अख्खं भांडण, इथपर्यंत आपण दहा सेकंदात पोचतो. शिट्टी आली तसा पहिला विचारही आपोआप आला, त्यात तुमची काही चूक नाही. पुढची गाडी मात्र आपण ढकलली. कोशो उचियामा हे गेल्या शतकातले झेन गुरू तर विचारांना डोक्यातला स्रावच म्हणायचे, आणि मला ते फार पटतं, पोटात रस तयार होतो म्हणून आपण कधी स्वतःला दोष देतो का?

आणि विचार वाढलेत असं मला वाटत नाही. ते दिवसभर असतातच, फक्त कामाच्या गडबडीत दिसत नाहीत.

मोजता मोजता सतरावर गेलात असं लक्षात आलं ना, की तिथेच परत एक. स्वतःवर चिडायचं नाही, "बघ गेलंच ना मन" असंही म्हणायचं नाही, कारण तो अजून एक विचार झाला. ते लक्षात येणं हीच साधना आहे, वीस मिनिटांत पन्नास वेळा आलं तरी चालेल, खरंच चालेल.

एक राहिलं, तुम्ही डोळे मिटून बसता का ते लिहिलं नाहीये. झाझेनमध्ये, म्हणजे झेनच्या बसून करायच्या ध्यानात, डोळे अर्धे उघडे ठेवून नजर खाली सोडतात, दोगेन यांच्या सोतो पंथात तर भिंतीकडे तोंड करून बसतात. मिटलेल्या डोळ्यांपुढे चित्रं फार येतात आणि डुलकीही लागते. आठवडाभर असं बसून बघा आणि मला नक्की कळवा.