कुत्रा हौसेने आणला आणि आता रडू येतंय, मी वाईट आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी घेऊन येतंच, आणि विचारताना बहुतेकांची मान खाली असते. मागे एक ताई आल्या (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात), आल्या आल्या बाही वर करून हात दाखवला, मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे. घरात नऊ महिन्यांचा सॉफ्ट कोटेड व्हीटन टेरियर. फोटो बघून सगळे प्रेमात पडलेले, रेशमी केस, ते फारसे गळत नाहीत, मोठा झाला तरी वजन साधारण १४ ते १८ किलो. आणि आता ताई रोज रात्री बाथरूममध्ये जाऊन रडायच्या.

"हाक मारली की थांबतो, माझ्याकडे बघतो आणि मुद्दाम उलट्या दिशेला जातो. त्याला मी आवडतच नाही."

मी काही डॉग ट्रेनर नाही पण ते "मुद्दाम" मला खटकलं. आयर्लंडमध्ये हे कुत्रे शेतावर असायचे, उंदीर-घुशी मारायच्या, गुरं वळवायची, राखण करायची. घूस दिसल्यावर मालकाला विचारायला कोण जातंय, जागच्या जागी ठरवायचं आणि झडप घालायची. पिढ्यान्पिढ्या हेच काम, मग तेच डोकं तुमच्या हाकेवरही चालणार ना! म्हटलं, ताई, थांबून बघतो म्हणजे त्याने ऐकलंय, फक्त हिशोब करतोय की तुमच्याकडे जास्त मजा आहे का त्या झुडपात, तर खिशात खाऊ ठेवा आणि आला की लगेच द्या. तेव्हा कुठे त्या जरा हसल्या.

मग त्यांना घरी कोण काय करतं ते आठवडाभर लिहायला सांगितलं. कागद बघण्यासारखा होता. खाणं, दोन वेळा फिरवणं, विंचरणं, दाढी पुसणं सगळं ताईंच्या नावावर, आणि नवऱ्यापुढे एकच ओळ, "संध्याकाळी खेळतो". खेळतो म्हणजे काय तर दारात कुत्रा छातीपर्यंत उड्या मारणार आणि साहेब टाळ्या वाजवणार. व्हीटन तसेही या उड्यांसाठी प्रसिद्ध, त्यात हे प्रोत्साहन! ओरखडे मात्र हिच्या हातावर.

पुढच्या वेळी नवऱ्यालाही बोलावलं. माणूस चांगला होता हो, कागद वाचून गप्पच झाला. ठरलं असं की चारही पाय जमिनीवर असल्याशिवाय कुणीच लाड करायचे नाहीत, उडी मारली की पाठ फिरवायची, आणि सकाळचं फिरवणं त्याच्याकडे.

विंचरण्याचं वेगळंच दुखणं. ताई रोज तासभर ब्रश फिरवायच्या तरी कानामागे आणि काखेत गाठी. या वयात पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येत असतात त्यामुळे गुंता जास्तच होतो, आणि ब्रश नुसता वरवर फिरत होता. ग्रूमरने दाखवलं, केसांचा भांग पाडत थोडे थोडे घ्यायचे आणि स्टीलच्या कंगव्याने पार कातडीपासून विंचरायचं. तासाचं काम बरंच कमी झालं.

एक प्रश्न मी स्पष्टच विचारला होता, त्याला चांगल्या घरी द्यावंसं वाटतं का? वाटलं तर त्यात पाप नाही. त्या बराच वेळ खिडकीकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, "नाही द्यायचाय. पण हे कुणीतरी विचारायला हवं होतं."

दोनेक महिन्यांनी फोटो आला, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली नवऱ्याची पँट. खाली लिहिलेलं, "आज सकाळी ह्यांनी हाक मारली होती."