काकूंना न विचारलेले प्रश्न

"मॅडम, ही गोष्ट सांगणारी मी कोण?"

ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी आजवर कितीतरी मुलांकडून ऐकलाय. कुणाची एकांकिका असते, कुणाचा प्रकल्प, कुणाची डॉक्युमेंटरी. दुसऱ्याचं जगणं आपल्या कामात घ्यावं तर आगाऊपणा वाटतो, न घ्यावं तर वगळल्याचा ठपका येतो. त्यातल्या एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती कळव्याची, मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला. ज्यांनी फिल्म करायला घेतली आणि ती कधीच पुरी झाली नाही, अशा माणसांवर तिची डॉक्युमेंटरी होती. विषय मला फार आवडला. सहा मुलाखती झाल्या होत्या, सगळे पुरुष, सगळे ओळखीतले. सर म्हणाले, "यात डायव्हर्सिटी कुठेय?" मग घाईघाईने तिने मुंब्र्याचा एक मुलगा आणि किसननगरला शिवणकाम करणाऱ्या एक काकू गाठल्या. त्या दोघांच्या फिल्मही अर्ध्यावरच राहिलेल्या. तेव्हापासून तिची झोप उडाली.

"त्यांना मी फक्त आकडा भरायला घेतलं. माझ्याकडून कुणावर अन्याय होताच कामा नये."

"यातला 'च' काढून म्हण."

तिने म्हटलं, आणि डोळे पुसले. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी, त्यामुळे या एका अक्षरावर माझा भारी विश्वास. इच्छा असते तोवर माणूस काम करतो, तिची सक्ती झाली की हात थिजतात. तीन भेटींत झोप परत आली. फिल्म मात्र जागची हलली नाही. 'मी वाईट का, मी कोण' यातच ती फिरत होती, आणि त्यात काकू कुठेच नव्हत्या.

चौथ्या भेटीत मी तिला सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल सांगितलं. दादासाहेबांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याच्या कच्च्या फिल्मच्या कडेला, ती कॅमेऱ्यात सरकावी म्हणून, अंधारात भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच.

"त्यांची मुलाखत मिळाली असती तर पहिला प्रश्न काय विचारला असतास?"

"घर सांभाळून हे कसं जमवलं..." आणि ती थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अंधारात भोकं कशी पाडायचात, हे विचारायला हवं ना?"

तिने आपणहून बॅगेतली डायरी काढली. सहा पुरुषांच्या पानांवर कॅमेरा कोणता, पैसे किती, काम अडलं कुठे, पुन्हा कराल का. काकूंच्या पानावर 'बाई म्हणून काय अडचणी आल्या?' मुंब्र्याच्या मुलाला विचारलेलं, 'तुमच्या समाजात फिल्म करायला विरोध होतो का?' त्याची फिल्म थांबली होती हार्डडिस्क उडाल्यामुळे, आणि हे त्याने कॅमेरा बंद झाल्यावर सांगितलं होतं.

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. ती दोन पानं बघताना मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. चेहरे तिने आणले होते, पण अपयशी ठरण्याचा मान सहाच जणांना दिला होता. काहीतरी धडपडून केलं आणि ते फसलं, हे ऐकायला आपण कुणाकडे जातो, आणि कुणाकडे फक्त अडचणी ऐकायला जातो?

तुम्हीही अशा पेचात असाल तर अपराधीपणा बाजूला ठेवून आधी प्रश्नांचं पान उघडा. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. समाजाचा, बाईपणाचा विषय त्यांचा त्यांना काढू द्या, आणि त्यांनी काढला तर तो कापू नका. त्यांचा भाग सरांच्या आधी त्यांना दाखवा. 'हे नको' म्हणायची सोय ठेवा.

ती पुन्हा किसननगरला गेली. या वेळी पैसे विचारले. काकू उठल्या आणि मशीनच्या खणातून एक वही काढून आणली. व्हिडिओ कॅमेऱ्याचं तीन दिवसांचं भाडं, बारा जणांचे वडापाव, परतीची रिक्षा, आणि शेवटच्या ओळीत, 'बॅटरी - उसनी'.

"हे कुणी विचारलंच नाही गं," म्हणत त्या पुढचा पाऊण तास बोलल्या.