मॅरिस ऑटरला गर्दी सोसत नाही

प्रश्न : मुलगा लीड्सला असतो. सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बीअर करतो आणि प्रत्येक वेळी ‘मॅरिस ऑटर’चं कौतुक सांगतो. ही कंपनी आहे का? उन्हाळ्यात आम्ही तिकडे जातोय. शिकून आल्यावर इथे करता येईल? (कॉलेज रोड)

उत्तर : आधी शेवटचं. इथे नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, विकायचं नसलं तरीही. ब्रिटनमध्ये घरच्यापुरत्या बीअरला 1963 पासून परवाना लागत नाही, तेव्हा हौस तिकडेच भागवून या.

मॅरिस ऑटर हे बार्लीचं वाण आहे, आपल्याकडे द्राक्षात थॉमसन म्हणतात तसं. केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटने प्रॉक्टर आणि पायोनियर या वाणांच्या संकरातून ते 1960 च्या दशकात आणलं. संस्था मॅरिस लेनवर होती, म्हणून ‘मॅरिस’. पुढे जास्त उतारा देणारी वाणं आली आणि 1989 मध्ये हे ब्रिटनच्या शिफारस केलेल्या वाणांच्या यादीतून गेलं. एल, म्हणजे इंग्लंडची पारंपरिक बीअर, करणारे जुने ब्रूअर मात्र अडून बसले, म्हणून ते टिकलं. द्राक्षवाल्यांना ही गोष्ट नवी वाटायची नाही.

माल्ट म्हणजे काय, हे मुलापेक्षा तुम्हालाच चांगलं ठाऊक असेल. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, तेच.

प्रश्न : मेव्हण्यांबरोबर नॉर्विचला बिटर (कडवट इंग्लिश एल) करायची आहे. रेसिप्या शोधल्या तर सहा-सहा, सात-सात माल्ट. एकच साधी सांगा. (इंदिरानगर)

उत्तर : माझी पहिली बिटर अशीच सात माल्टांची होती. मित्राच्या शेडमध्ये केली होती. चव जळक्या बिस्किटाची, आणि नेमकं काय जळलं ते दोघांनाही सांगता येईना. मॅरिस ऑटरला स्वतःची खरपूस, ताज्या पावाच्या कडेसारखी चव आहे. ती झाकायचीच असेल तर महाग माल्ट घ्यायचा कशाला?

वीस लिटरसाठी मॅरिस ऑटर 3.6 किलो, मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडवा देणारा) 250 ग्रॅम. बस. हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे : उकळी फुटल्यावर 40 ग्रॅम, तासाभराच्या उकळीची शेवटची दहा मिनिटं उरली की 20 ग्रॅम. इंग्लिश एल यीस्ट घालून 18 ते 20 अंशांवर आंबवायचं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता) 1.042 च्या आसपास येईल, अल्कोहोल चार टक्क्यांच्या थोडं वर.

खरी मेख उकळीच्या आधी, माल्ट भिजवण्यात आहे. भरडलेला माल्ट साडेनऊ-दहा लिटर गरम पाण्यात तासभर 66 अंशांवर राहिला पाहिजे. त्यात एन्झाइम स्टार्चची साखर करतात; हा गोड रस गाळून मग उकळायचा. 62 ला गेलात तर बीअर कोरडी, पातळ. 70 ला गेलात तर जड, गोडसर. आता गंमत बघा. नॉर्विचच्या शेडमध्ये जानेवारीत धान्यच आठ अंशांवर असतं, म्हणून पाणी साधारण 75 अंशांचं घ्यावं लागतं. आपल्या मे महिन्यासारखं धान्य 35 अंशांवर असतं, तर 71 पुरलं असतं. म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका. आधी धान्यात थर्मामीटर खुपसा, मग पाणी तापवा. मेव्हणे हसतील, हसू देत.

बाटल्या भरताना सगळ्या वीस लिटरला मिळून 80 ग्रॅम साखर, आणि तीही ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस हलली नाही तरच. नाहीतर बाटल्या फुटतात.

प्रश्न : आमच्या वाइनरीत केएमएसशिवाय (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पान हलत नाही. बीअरवाले ते का वापरत नाहीत? (दिंडोरी)

उत्तर : वापरतात, पण पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला वीस लिटरला चिमटीहूनही कमी पुरतं. क्लोरीन राहिलं तर बीअरला दवाखान्यासारखा वास येतो. रसात मात्र केएमएस फारसं कामाचं नाही : सल्फाइटला आंबटपणा हवा. द्राक्षरसाचा पीएच साडेतीनच्या आसपास, बीअरच्या गोड रसाचा पाचच्या वर. द्राक्षाला आंबटपणाचं कवच असतं, या रसाला नाही. म्हणून तो तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि त्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. झाकणसुद्धा.

प्रश्न : आमची परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहे. आयात मॅरिस ऑटर परवडत नाही. देशी माल्टवर इंग्लिश एल जमेल? (नाशिक)

उत्तर : जमेल, हुबेहूब नाही. देशी फिकट माल्टमध्ये आठ-दहा टक्के म्युनिक माल्ट (जरा जास्त भाजलेला) घाला, खरपूसपणा बराचसा येतो. क्रिस्टल वाढवून ती उणीव भरू नका. नुसता गोडवा वाढतो. हात थोडा सैल असेल तर निम्मा देशी, निम्मा मॅरिस ऑटर असं करा. आणि पाण्याची तपासणी करून घ्या. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पेल एलचा कडक कोरडेपणा तिथल्या पाण्यातल्या जिप्समचा आहे. तुम्हीही घालू शकता, पण खाद्य दर्जाचं. बागेत टाकायच्या गोणीतलं नको, हे लिहावं लागतंय कारण एकाने मला विचारलं होतं.

प्रश्न : इंग्लिश एलमध्ये मासा असतो म्हणतात, खरं का? आम्ही शाकाहारी. (पंचवटी)

उत्तर : पिंपातली एल नितळ करायला आयसिंग्लास वापरायची जुनी रीत आहे, आणि ते माशाच्या वाताशयापासून करतात. पबमध्ये विचारून घ्या. घरी करणाऱ्याने उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत चमचाभर आयरिश मॉस टाकावं. ते समुद्री शेवाळ आहे.