आधी डोण बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ तीनदा पाहिला. पेडण्याकडचा पत्र्याचा गोठा, म्हशीची वर आलेली कमरेची हाडं, खाली शेणाचा राडा, आणि शेवटी तुझा आवाज: "बघा ही माणसं!" राग आला ते ठीकच. पण व्हिडिओ अजून कुठे टाकू नकोस. त्या चाळीस सेकंदांत मला पाणी कुठेच दिसलं नाही. पाणी नव्हतंच, की तू तिकडे फोन फिरवलाच नाहीस?

गोठ्यात पाऊल टाकलं की आधी डोण, म्हणजे जनावरांच्या पाण्याची कुंडी, बघायची. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागतं. डोण कोरडी असेल तर कडेला पांढरा थर दिसतो. शेवाळ धरलेलं असेल तर हात घालून वास घे. मग मानेची कातडी चिमटीत धरून सोड. पाणी मिळणाऱ्या जनावराची कातडी लगेच जागेवर बसते, तहानलेल्याची तशीच उभी राहते. त्यानंतर दावं. गळ्यावर वण किती खोल आहे, दावं किती लांब आहे, जनावराला त्यात बसता येतं का, मान वळवून अंग चाटता येतं का. मग खूर, सड, कास, आणि कानामागे गोचीड. मालकाचं तोंड सगळ्यात शेवटी. मालकाशी आधी बोललीस तर तो जे सांगेल तेच तुला दिसायला लागेल.

हे मी कसं शिकलो, तेही सांगतो. गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर एका म्हाताऱ्या बाईची म्हैस बघितली. बरगड्या मोजता येत होत्या. मी वहीत ठसक्यात लिहिलं, "उपासमार, मालकाचे दुर्लक्ष." ती बाई काही बोलली नाही. माझ्यासोबतचा अनुभवी कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर, जबड्याखाली हात लावा." लावला. हनुवटीखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी मऊ सूज होती. यकृतातल्या चपट्या कृमींमुळे अशी सूज येते. पाणथळ जागी, भाताच्या खाचरात चरणारी जनावरं या कृमींना बळी पडतात. बाई स्वतः पेज पिऊन म्हशीला पेंड घालत होती आणि ती पेंड कृमींच्या पोटात जात होती. औषध पाजल्यावर महिन्याभरात म्हैस सावरली. माझ्या वहीतलं ते पान मात्र तसंच राहिलं.

आणि त्याच वर्षी, टाईल्स लावलेला, पंखे फिरणारा एक गोठा मी पाहिला. गायी धुतलेल्या, कागदपत्रं चोख. मागच्या बाजूला गोणपाटाच्या आडोशाला दोन पाडे होते. हातभर दाव्याला बांधलेले, डोळे खोल गेलेले. मालकाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "पाड्याक कोण पोसतलो?" वासरू नसताना गाय पान्हा कशी सोडते, हे विचारायची गरजच नव्हती. इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या गव्हाणीच्या कोनाड्यात होत्या. गरिबाच्या गोठ्यात आजार दिसतो आणि आपण त्याला क्रौर्य म्हणतो. श्रीमंताच्या गोठ्यात क्रौर्य असतं आणि आपण त्याला व्यवसाय म्हणतो. या दोन्ही चुका माझ्या हातून झाल्या आहेत.

आता कायदा, कारण तू पोलिसांकडे जाणार आहेस. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत तो विषय लावून धरला, म्हणून तो झाला. कलम ११ मध्ये बरंच काही आहे: अति आखूड दाव्याला बांधणं, अंग हलवता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणं, मालक असून अन्न, पाणी, निवारा न देणं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! पन्नास रुपयांत पणजीत भाजीपाव आणि चहा येतो, तोही सगळीकडे नाही. शिवाय यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय तपास करता येत नाही. पोलीस आळशी आहेत असं लगेच म्हणू नकोस. दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन देणं मात्र कलम १२ खाली येतं. तिथे दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. कुप्या सापडल्या तर त्यांना हात लावू नकोस. जागेवर फोटो काढ आणि पंचनाम्याचा आग्रह धर. मारून किंवा अपंग करून जनावराचं नुकसान केलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तारीख मात्र विसरू नकोस. १९६० च्या कायद्याखालचा खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो. माझा एक अहवाल माझ्याच टेबलावर चवथीच्या सुट्ट्यांत पडून राहिला आणि मुदत उलटली. म्हणून वहीत रोजची तारीख, वेळ आणि हवामान लिही. फोनमधली मूळ फाइल कापू नकोस. कोर्टात त्या फाइलसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि कुंपणावरून उडी मारून शिरायचं नाही. अतिक्रमणाची उलट तक्रार झाली, की तुझी म्हैस बाजूला राहते आणि तूच आरोपी होतेस.

कोंबड्यांच्या शेडमध्ये गेलीस तर खाली वाक, अगदी कोंबडीच्या उंचीपर्यंत. उभ्याने तुला फक्त वास येईल. भुशाच्या थराजवळ मात्र अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुझे अर्ध्या मिनिटात पाणावतात, त्यांना तिथेच महिना-सव्वा महिना काढायचा असतो. पायांच्या सांध्यांवरचे काळे डाग बघ. ओल्या भुशात बसून राहिल्याने कातडी जळते. आपल्याकडे बरीचशी कोंबडी बेळगावकडून ट्रकने येते, त्यामुळे शेड चांगली असली तरी क्रेट बघायचे. मोडलेले पंख तिथे सापडतात. बाजारात स्कूटरच्या हँडलला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या तर तू रोज बघतेस. कलम ११ त्यांनाही लागू आहे, फक्त कुणी लावत नाही.

धिरयोचे, म्हणजे बैलांच्या झुंजींचे, व्हिडिओ तुझ्याकडेही येत असतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी सासष्टीत पहाटे झुंजी लागतात आणि परंपरा म्हणून त्या कायदेशीर करा अशी मागणी विधानसभेतही अधूनमधून होते. तिथे एकटी जाऊ नकोस.

गोव्याच्या सीमेवरच्या मोले, पत्रादेवीच्या नाक्यांवर गुरांचे ट्रक अडवणारी टोळकी तुला "चल" म्हणतील. त्यांच्यासोबतही जाऊ नकोस. गायीचा विषय निघाला की लोक गाय विसरतात. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नेता येत नाहीत. सात दिसली तर नंबर आणि वेळ टिपून पोलिसांना कळव. ट्रक कुणाचा, माल कुठे चालला, यावरून आकडा बदलत नाही. आणि रेडा असो, डुक्कर असो, तुझी वही तीच.

आता तुझ्या म्हशीचं. उद्या पहाटे दूध काढायच्या आधी तिथे जा. गमबूट घाल. आदल्या गोठ्यातून आली असशील तर ते धुवायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून घे, नाहीतर लाळ-खुरकूत तूच वाटत फिरशील. मालकाला नमस्कार कर, आत यायची परवानगी माग. डोण बघ. जबड्याखाली हात लाव. सूज लागली तर मला फोन कर, मी औषध घेऊन येतो. सूज नसेल, आणि व्हिडिओत अंधाऱ्या कोपऱ्यात जे गोणपाट हललं त्यामागे रेडकू असेल, तर त्याचं दावं बोटांनी मोज आणि किती बोटं भरली ते लिहून मला पाठव. मी जागाच असतो.

तुझा काका