कारगिल १९९९ : खबर कुठे अडली?

प्रश्न : घुसखोरी खरंच एका मेंढपाळामुळे कळली का?

हो. बटालिक भागातल्या गारखोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधत होते. ३ मे रोजी दुर्बिणीतून त्यांना पठाणी वेशातली माणसं डोंगरावर खणताना दिसली. त्यांनी ते लष्कराच्या कानावर घातलं आणि मग गस्ती निघाल्या.

प्रश्न : हिवाळ्यात हेलिकॉप्टरने टेहळणी होत होती ना?

होत होती. पण थरथरत्या हेलिकॉप्टरमधून, बर्फावर उन्हाची चमक असताना, दडून बसलेली माणसं टिपणं फार अवघड. वैमानिकांना दोष देणं मला पटत नाही.

प्रश्न : मग चूक कुणाची? परदेशातली गुप्त माहिती मिळवणाऱ्या रॉची, देशांतर्गत गुप्तवार्ता पाहणाऱ्या आयबीची की लष्कराची?

युद्धानंतर सरकारने नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीच्या अहवालातली एक नोंद वाचून मला आजही चीड येते. आयबीने जून १९९८ मध्येच ताबारेषेपलीकडच्या हालचाली पत्राने कळवल्या होत्या. पत्र थेट पंतप्रधानांपर्यंत गेलं. मात्र ज्यांनी त्याची छाननी करायची, ते रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, या तिघांना ते पाठवलंच नव्हतं!

समितीने सर्वांत गंभीर ठरवलेली उणीव मात्र वेगळी आहे. १९९८ मध्ये कारगिलसमोर पाकिस्तानच्या नेमक्या कोणत्या बटालियन आहेत, कोणती आली, कोणती गेली, याची खात्रीची माहितीच आपल्याकडे नव्हती. हे काम चिकाटीचं आणि कंटाळवाणं. त्यात कुणाला शाबासकी मिळत नाही. पण एका जागी नेहमीपेक्षा जास्त पलटणी जमल्या, एवढं कळलं तरी सेनापती सावध होतो. पुढे शिखरांवर सापडलेली पगारपुस्तकं आणि ओळखपत्रं पाकिस्तानी लष्कराच्या हुकमतीखालच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्री या दलाची निघाली. घुसखोर आपले सैनिक नसून ‘मुजाहिदीन’ आहेत, हा पाकिस्तानचा बनाव तिथेच उघडा पडला, पण तोवर आपले किती जवान गेले होते!

प्रश्न : तेव्हाचे पाकिस्तानी लष्करप्रमुख मुशर्रफ यांचं टिपलेलं संभाषण जाहीर करायला हवं होतं का?

२६ मे रोजी बीजिंगमधून मुशर्रफ रावळपिंडीत असलेल्या आपल्या चीफ ऑफ जनरल स्टाफ जनरल अझीझ यांच्याशी फोनवर बोलले, ते रॉने टिपलं. सरकारने ११ जूनला ते उघड केलं. अशाने ऐकण्याची वाट बंद होण्याचा धोका असतोच, आणि गुप्तवार्ता क्षेत्रातल्या काहींना तो निर्णय रुचला नाही. तरी मला तो योग्य वाटतो. मोहिमेची सूत्रं पाकिस्तानी लष्कराच्याच हाती आहेत, हे जगाला पटवायला याहून भक्कम पुरावा त्या घडीला आपल्यापाशी नव्हता.