कराटेचा क्लास लावण्याआधी

प्रिय मित्रा,

पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतोस, दिवस अभ्यासिकेत जातो, खोली आणि मेसचे पैसे भरल्यावर महिन्याला हजारेक रुपये उरतात, आणि तेवढ्यात कराटे शिकावं की बॉक्सिंग, असं तू विचारलं आहेस. हा प्रश्न जरा बाजूला ठेव. पहिल्या वर्षात कोणती कला निवडलीस याने फारसं बिघडत नाही. आठवड्यातून तीनदा तू तिथे पोचतोस का आणि शिकवणारा तुझ्याकडे बघतो का, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून अभ्यासिकेपासून पायी वीस मिनिटांत जाता येईल तेवढाच भाग आधी शोधायला घे. बाणेरला कितीही गाजलेला क्लास असला, तरी संध्याकाळी सातच्या बॅचसाठी विद्यापीठ चौकातून जाऊन-येऊन तासभर शिकायला तीन तास मोडतात. महिनाभर उत्साह टिकतो, मग टेस्ट सिरीज सुरू होते आणि फी वाया जाते.

तुझ्या टापूत शोधायला जागा बऱ्याच आहेत. अजून कुठल्या महाविद्यालयात नाव असेल, एमए किंवा लॉ कसलंही, तर आधी तिथल्या जिमखान्यात जा आणि शारीरिक शिक्षण संचालकांना भेट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी ज्यूदो, बॉक्सिंग, तायक्वांदो, कुस्तीचे संघ उतरवायचे असतात आणि कमी वजनी गटांत मुलं मिळत नाहीत, त्यामुळे नवख्यालाही हाकलून देत नाहीत. फुकट किंवा जवळजवळ फुकट शिकायचं असेल तर यापेक्षा सोपा रस्ता नाही, आणि बहुतेकांना तो सुचतच नाही. त्यानंतर टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळात चौकशी कर. 1924 साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी सुरू केलेली ही संस्था व्यायामशिक्षणासाठीच उभी आहे. सारसबागेसमोरचं सणस मैदान आणि स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम, दोन्हीकडे सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहाच्या पुढे चक्कर मार. महापालिकेच्या शाळांच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयांत, सोसायट्यांच्या गच्चीवर संध्याकाळी क्लास चालतात. त्यांची जाहिरात खांबावरच्या छोट्या फ्लेक्सवर असते, मोबाइलवर शोधून ते सापडत नाहीत. चकचकीत काचांच्या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) जिमकडे सध्या फिरकू नकोस. तिथे शिकवत नाहीत असं नाही, पण तुझ्या बजेटमध्ये ते बसत नाही.

आणि पेठेत राहून तालमीचा विचार न करणं बरं नाही. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावं पुण्यात सगळ्यांना माहीत आहेत, त्याशिवाय गल्लीबोळात लहान तालमी आहेत. फी बऱ्याचदा नावापुरती असते, लंगोट आणि पंचा एवढ्यावर सुरुवात होते. फोन करून उपयोग नाही. मेहनतीच्या वेळेला जायचं, चपला बाहेर काढायच्या, मारुतीला नमस्कार करायचा आणि वस्तादांना सरळ सांगायचं, ‘मी नवीन आहे, परीक्षेचा अभ्यास करतो, अंग मोकळं करायचं आहे, जत्रेत कुस्त्या खेळायच्या नाहीत.’ ही शेवटची अट पहिल्याच दिवशी बोलून टाकलीस की पुढे गैरसमज होत नाहीत. सुरुवातीचे आठवडे हौद, म्हणजे कुस्तीची माती, खणणं, जोर, बैठका आणि सपाट्या यांतच जातील. तो वेळ फुकट गेला असं समजू नकोस, कारण मान आणि कंबर तयार नसताना धरलेली पकड दुखापतीला आमंत्रण देते. बाकीची पोरं दहाव्या वर्षापासून मातीत आहेत. बाविसाव्या वर्षी शिरलेला तू पंधरा वर्षांच्या मुलाकडून आपटला जाशील, ते हसण्यावारी न्यायची तयारी ठेव. खुराकाच्या गप्पा ऐकून बदाम आणि तुपावर पैसे घालू नकोस. दिवसाला हजारो बैठका मारणाऱ्याचा खुराक दोन तास मेहनत करणाऱ्याला पचत नाही. मेसच्या जेवणावर दोन अंडी किंवा मूठभर भिजवलेले हरभरे, आणि एक पेला दूध पुरतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा उपाशीपोटी सोमवारी पहाटे मातीत उतरू नकोस, चक्कर येते. कानाकडे मात्र लक्ष दे. घासून कान सुजला, आत रक्त साकळलं तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं लागतं, नाहीतर तो तसाच कडक होऊन बसतो.

तालीम नको असेल आणि क्लासच लावायचा असेल, तर एक बॅच पूर्ण पाहिल्याशिवाय पैसे काढू नकोस. डेमोचा दिवस धरू नकोस. डेमोला सर स्वतः शिकवतात, कौलं फोडून दाखवतात, आणि कौलं फोडता येणं म्हणजे शिकवता येणं नव्हे. मंगळवार-बुधवारी न सांगता जा आणि सुरुवातीच्या वॉर्मअपपासून शेवटच्या नमस्कारापर्यंत बस. बसू देत नसतील तर उत्तर मिळालं.

बसल्यावर आधी बेल्टचे रंग मोज. पांढरे, पिवळे वीस-पंचवीस, एक-दोन काळे आणि मधले हिरवे, निळे, तपकिरी कोणीच नाहीत, तर मुलं पहिल्या-दुसऱ्या परीक्षेनंतर सोडून जातात. उलट दहा-अकरा वर्षांची पोरं काळे पट्टे बांधून फिरत असतील तर तिथे पट्टे विकले जातात. मग नवख्यांकडे वळ. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या मुलाकडे तासाभरात किती वेळा कोणी गेलं? पायाचा कोन, कोपर, खांदा हात लावून दुरुस्त केला का, की समोर उभं राहून नुसता आकडा मोजला? पाणी प्यायला परवानगी होती का? शिस्तीच्या नावाखाली तासभर पाणी न देणारे अजून आहेत. फाक, म्हणजे स्प्लिट, मारताना पाठीवर बसून किंवा दोघांनी पाय ताणून ‘अजून खाली’ करवत असतील तर उठून ये. जांघेचा स्नायू असा एकदा फाटला की अभ्यासिकेच्या खुर्चीत बसणंसुद्धा नको होतं. सिमेंटवर मुठींवर जोर मारायला लावणं हाही त्याच जातीचा मूर्खपणा आहे.

मग जमीन बघ. कोडं जुळवावं तशा जोडलेल्या 20-25 मिलिमीटर जाडीच्या फोमच्या मॅट किक-पंचाला पुरतात. त्यांच्यावर ज्यूदोचे थ्रो मारवत असतील तर अंग थेट फरशीवर आपटतं. ज्यूदोला साधारण 40 मिलिमीटर जाडीच्या घट्ट मॅट लागतात आणि त्यांच्या फटीत अंगठा अडकणार नाही इतक्या त्या एकमेकींना चिकटून असाव्या लागतात. ज्यूदोच्या क्लासमध्ये पहिले काही आठवडे उकेमी, म्हणजे पडायचं कसं, एवढंच शिकवत असतील तर क्लास चांगला आहे. पहिल्याच दिवशी उचलून टाकत असतील तर मनगट किंवा कॉलरबोन जाईल, कारण घाबरलेला माणूस पडताना हात टेकतो. खुल्या मैदानावरचा क्लास असेल तर पावसाळ्यात कुठे भरतो ते विचार. जून ते सप्टेंबर ‘आज पाऊस आहे’ म्हणून निम्मे क्लास बुडतात आणि फी मात्र पूर्ण जाते. गणपतीत तर पेठेतले हॉल मंडळं घेतात, रस्ते बंद होतात, दहा दिवस क्लास नसतोच. ते दिवस भरून देणार का, हेही विचारून ठेव.

आता पैशांचं. महिन्याची फी हा सगळ्यात फसवा आकडा आहे. प्रवेश फी, ड्रेस, वार्षिक सभासदत्व, बेल्ट परीक्षेची फी, वर्षात किती परीक्षा, स्पर्धेची एंट्री फी, शिबिर आणि यातलं काय सक्तीचं, हे सगळं एका कागदावर लिहून घे. समजा एक क्लास महिना 700 रुपये घेतो, आठवड्याला दोन तास. त्यावर प्रवेश 1000, ड्रेस 1500, दर तीन महिन्यांनी 800 रुपयांची परीक्षा, 500 सभासदत्व आणि दोन सक्तीच्या स्पर्धांचे 2000. वर्षाचे 16,600 रुपये झाले. दुसरा महिना 1200 घेतो, आठवड्याला तीनदा दीड-दीड तास, ड्रेस 1500, बाकी काही नाही. त्याचे 15,900. तासांनी भागलंस तर पहिला तासाला 160 रुपयांना पडतो, दुसरा 68 रुपयांना. बोर्डावर मात्र पहिलाच स्वस्त दिसतो. बजेटपेक्षा दोनशे जास्त म्हणून दुसरा क्लास सोडू नकोस. तीनऐवजी आठवड्याला दोनच दिवस येतो, थोडं कमी करता का, असं सरांना एकट्यात विचार. पुण्यात अशी घासाघीस दुकानात चालत नसेल, क्लासमध्ये बऱ्याचदा चालते, विशेषतः जाताना हॉल झाडायची, मॅट उचलायची तयारी दाखवलीस तर. फी महिन्याची महिन्याला भर आणि पावती घे. ‘आज वर्षाचे भरले तर तीस टक्के सूट’ ही सूट तू तिसऱ्या महिन्यात सोडशील या हिशोबावर दिलेली असते.

परीक्षांबद्दल थोडं. बहुतेक कराटे शैलींत काळ्या पट्ट्याआधी नऊ-दहा पायऱ्या असतात, तायक्वांदोतही दहा. परीक्षा असणं वाईट नाही, पण ‘मी तयार नाही, पुढच्या वेळी देतो’ म्हणायची मुभा हवी. सरांचा स्वतःचा पट्टा कोणाकडून आहे हे विचारायला लाजू नकोस. तायक्वांदोत कुक्कीवॉन या कोरियातल्या मुख्य संस्थेच्या डॅन (काळ्या पट्ट्याच्या) प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कराटेत अशी एकच कसोटी नाही, संघटना अनेक आणि त्यांचे आपसातले वादही जुने. म्हणून तिथे सरांचे गुरू कोण, कोणती शैली, किती वर्षं शिकले, एवढं विचारून ठेव. खरं सांगणारा माणूस या प्रश्नांवर चिडत नाही.

तुझ्या डोक्यात खेळाडू आरक्षणाचे 5 टक्के असतील तर ते इथेच काढून टाक. कुठल्या तरी हॉलमधल्या ‘इंटरनॅशनल चॅम्पियनशिप’चं सुवर्णपदक सरकारी भरतीत चालत नाही. मान्यताप्राप्त संघटना, ठरावीक पातळीची स्पर्धा आणि क्रीडा खात्याकडून पडताळणी, हे सगळं लागतं. शंका असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचार, क्लासच्या सरांना नको. पोलीस भरतीचा विचार असेल तर लक्षात ठेव, तिथे 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक आहे. कराटेच्या तासाने धावणं सुधारत नाही, ते वेगळं करावं लागेल.

सामान लगेच घेऊ नकोस. पहिला महिना ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो, आणि जो क्लास पहिल्याच दिवशी ड्रेस घ्यायला लावतो तिथे जरा सावध राहा. घेशील तेव्हा कराटेचा ड्रेस पातळ कापडाचा घे. जाड सुती ड्रेस जुलैत तुझ्या खोलीत दोन दिवस वाळत नाही आणि ओलाच घातला तर गजकर्ण होतं. ज्यूदोला मात्र जाडच लागतो, कराटेचा ड्रेस पहिल्याच पकडीत खांद्यावर फाटतो. बॉक्सिंग निवडलंस तर पहिली खरेदी हाताच्या पट्ट्यांची, साडेचार मीटर लांबीच्या, आणि दुसरी दातांच्या गार्डची, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायच्या प्रकाराची. ग्लोव्हज क्लासचे वापर, पण स्वतःच्या पट्ट्यांशिवाय त्यांत हात घालू नकोस. पट्टी न बांधता बॅगवर मारलं की मनगट वळतं, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त तक्रार याचीच असते. फाइट सुरू होईल तेव्हा तुझ्या वजनाला 14 किंवा 16 औंसाचे ग्लोव्हज लागतील, ते तेव्हा बघू.

पहिले दोन महिने आठवड्याला तीनच दिवस जा, मध्ये एक दिवस सोडून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक आहे, सांध्यात टोचणारी कळ आली तर थांब. राउंड किक, म्हणजे पाय गोल फिरवून लाथ, मारताना जमिनीवर टेकलेला पाय वळवला नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. कोणी दुरुस्त केलं नाही तर तूच विचार, ‘सर, पाय किती फिरवू?’ दोन महिन्यांच्या आत फाइट लावत असतील तर नाही म्हण. डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं तर त्या दिवशी परत उतरायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं, कोणी कितीही चिडवलं तरी. खोलीवर संध्याकाळी गरम पाणी येत नसेल तर गार पाण्यानेच आंघोळ कर, पण घामाने तसाच गादीवर पडू नकोस. त्वचेचे रोग मॅटवरून गादीवर आणि गादीवरून शेजारच्या कॉटवर जातात.

या आठवड्यात तीन जागा बघ, त्यांत एक तालीम असू दे. फीचे कागद भरून त्यांचे फोटो मला पाठव, आपण तासांनी भागून बघू. तोवर कुठेही ॲडव्हान्स देऊ नकोस.

कळावे.