पहिला टेरेन बोर्ड घेताय? आधी हे वाच
अरे, टेरेन बोर्ड म्हणजे छोट्या सैनिकांच्या बाहुल्यांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचं नकली मैदान, पण 6 बाय 4 फुटांचा अख्खा बोर्ड घेऊच नकोस, आपल्या बडोद्याच्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? 2 बाय 2 च्या 6 टाइल कर, छोट्या गेमला 4 च लाव. थर्मोकोल स्वस्त पडतं पण कडांचे दाणे झडत राहतात, त्यापेक्षा छताच्या इन्सुलेशनचा एक्सपीएस फोम (थर्मोकोलसारखाच, पण घट्ट आणि बिनदाण्यांचा) घे, आणि त्यावर डायरेक्ट स्प्रे पेंट अजिबात मारू नको, फोम विरघळून खड्डे पडतात, आधी ब्रशने अ‍ॅक्रिलिकचा थर दे. वर फेविकॉल आणि चाळलेली वाळू, सुकताना टाइल वाकते म्हणून खालूनही फेविकॉलचा हात मारायचा. फोमऐवजी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मजबूत खरं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात कडेने फुगतं. रस्ता किंवा नदी प्रत्येक कडेच्या बरोब्बर मध्यावर आणि सारख्याच रुंदीची काढ, मग टाइल कशाही फिरव, जुळतातच!